देशांतराचा गणिती : भास्कराचार्य

संकष्टीच्या दिवशी कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, त्या तुम्ही कधी नीट बघितल्यात का? मुंबईची वेळ वेगळी, पुण्याची वेगळी, नागपूरची आणखी वेगळी. आपल्या संभाजीनगरचा (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा) चंद्र मुंबईच्या चंद्रापेक्षा साधारण दहा मिनिटं आधी उगवतो. चंद्र एकच, मनगटावरचं घड्याळही सगळीकडे सारखंच, मग हा फरक कुठून आला? ज्या माणसाने हा हिशोब आपल्या भागात बसून अतिशय नेटकेपणाने लिहून ठेवला, त्याची ही गोष्ट आहे. आपण त्याला शाळेत फक्त लीलावती आणि शून्य एवढ्यापुरतंच ओळखतो. नाव अर्थातच भास्कराचार्य!

मी इंग्लिश मीडियमची, कॉन्व्हेंटची. लाँगिट्यूड, ग्रीनिच मेरिडियन, टाइम झोन हे सगळं मी सातवी-आठवीत पाठ केलं होतं. हे ज्ञान जहाजात बसून विलायतेहून आलं अशीच माझी समजूत करून दिली गेली होती. सिव्हिलला आल्यावर सर्व्हेइंग शिकताना लायब्ररीत एक मराठी पुस्तक हाती लागलं आणि त्यात रेखांशासाठी एक जुना शब्द सापडला : देशांतर. आमच्या गुलमंडीच्या घरात हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतात. दादा अमेरिकेला गेला तेव्हा आजी सगळ्यांना सांगायची की नातवाने देशांतर केलं. एकाच शब्दात जाणंही आहे आणि अंतर मोजणंही आहे! मग या शब्दामागचा माणूस शोधावासा वाटला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४. हे आपल्याला नक्की माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच ते आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि तेच मुलाचे गुरू. सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड हे आपलं गाव, असं ते सांगतात. आता हे विज्जडविड कुठलं यावर बरीच भांडणं झाली आहेत. बीडवाले म्हणतात आमचं, विजापूरवाले म्हणतात आमचं. पण त्यांच्या घराण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मिळाला तो चाळीसगावजवळच्या पाटणला. आपल्याकडून कन्नडचा घाट उतरून खाली गेलं की चाळीसगाव, आणि तिथून डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी. म्हणजे हा माणूस अगदी आपल्या शेजारचा!

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहून पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती अंकगणिताची, सर्वांच्या आवडीची. बीजगणितात चक्रवाल नावाची रीत आहे. एका संख्येच्या वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी सगळ्यात लहान संख्या शोधा, असा एक प्रश्न त्यात सोडवला आहे. उत्तर येतं २२,६१,५३,९८०! फ्रान्सच्या फर्माने हाच प्रश्न १६५७ साली युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून दिला. पण परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे भाग बाजूला ठेवू. माझा जीव जडला तो गोलाध्यायावर.

गोलाध्यायात पृथ्वी गोल आहे, अधांतरी आहे, हे भास्कराचार्य मुद्देसूद पटवून देतात. पलीकडच्या बाजूची माणसं खाली का पडत नाहीत, या शंकेला त्यांचं उत्तर फार छान आहे. तळ्याच्या काठी उभ्या माणसाचं पाण्यातलं प्रतिबिंब जसं उलटं दिसतं, तशी ती माणसं आपल्याला उलटी वाटतात, पण आपण इथे जसे निवांत उभे आहोत तसेच तेही तिथे निवांत उभे असतात. प्रत्येकाला आपणच वर आहोत असं वाटतं.

मग येतात चार नगरं. ती विषुववृत्तावर आहेत, एकमेकांपासून बरोबर पाव परिघाच्या अंतरावर. मधे लंका, तिच्या पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमक आणि बरोबर पाठीमागे सिद्धपूर. (ही लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे, ती गणितासाठी मानलेली जागा आहे.) लंकेत सूर्योदय होत असतो तेव्हा यमकोटीत भर दुपार, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र असते. ही कल्पना भास्कराचार्यांच्या आधीपासूनची आहे, आर्यभटाकडेही ती आहे. पण जरा विचार करा, बैलगाडीच्या काळात, गावाबाहेरचं जग न बघितलेल्या विद्यार्थ्याला गुरू सांगतोय की आत्ता या क्षणी कुठेतरी मध्यरात्र आहे. तेव्हा ना फोन, ना टीव्हीवर पहाटे दिसणारी सिडनीची क्रिकेट मॅच. ते फक्त गणितावर विश्वास ठेवून समजून घ्यायचं!

लंकेवरून सरळ उत्तरेला एक रेषा काढली की ती उज्जयिनीवरून आणि कुरुक्षेत्रावरून मेरूपर्यंत जाते. ही आपल्याकडची मध्यरेषा. इंग्रजांचं ग्रीनिच, तसं आपलं उज्जैन. पंचांगाचं सगळं गणित आधी या रेषेसाठी करायचं आणि मग आपल्या गावासाठी त्यात दुरुस्ती करायची. त्या दुरुस्तीचं नाव देशांतर संस्कार.

हिशोब सोपा आहे. दिवसाच्या घटका ६०, एका घटकेची मिनिटं २४. पृथ्वीचे अंश ३६०. म्हणजे एका घटकेला ६ अंश, किंवा आजच्या भाषेत एका अंशाला ४ मिनिटं. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं धरला आहे, म्हणजे विषुववृत्तावर एका घटकेला ८२.८ योजनं पडतात. पण आपण विषुववृत्तावर राहत नाही. उत्तरेला सरकलं की पृथ्वीचा घेर लहान होत जातो, म्हणून परिघाला अक्षांशाप्रमाणे आखूड करून घ्यायचं, त्याला ते स्पष्ट परिधी म्हणतात. आपल्या कॅल्क्युलेटरवरचं कॉस थीटा तेच! आपल्या २० अंशांवर एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा होतो. म्हणजे सरळ पूर्वेला १०५ किलोमीटर गेलं की सूर्य ४ मिनिटं लवकर.

मी गुलमंडीसाठी हे करून पाहिलं. आपलं शहर सुमारे ७५.३४ अंशांवर, उज्जैन ७५.७७ वर. फरक जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. म्हणजे सुपारी हनुमानापाशी सूर्य डोक्यावर येतो त्याच्या पावणेदोन मिनिटं आधी तो महाकालेश्वरापाशी आलेला असतो. आपण मध्यरेषेला इतके खेटून राहतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! नागपूरचा सूर्य आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, मुंबईचा १० मिनिटं मागे. अख्ख्या महाराष्ट्राचा विचार केला तर डहाणूच्या किनाऱ्यापासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडतो.

आता खरी मजा. आपलं गाव उत्तर-दक्षिण कुठे आहे, म्हणजे अक्षांश, हे एकट्या माणसाला काढता येतं. विषुवदिनी भर दुपारी १२ अंगुळांचा शंकू उन्हात उभा करायचा आणि त्याची सावली मोजायची. गुलमंडीत ती ४.३ अंगुळांच्या आसपास भरेल. झालं काम, कोणाला विचारायची गरज नाही. पण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे एकट्याला कधीच कळत नाही. सूर्य सगळ्यांकडेच उगवतो आणि सगळ्यांकडेच डोक्यावर येतो. देशांतर काढायचं तर दुसरं गाव लागतंच, आणि दोन्ही गावांना एकाच क्षणी दिसेल अशी एक घटना लागते.

अशी घटना म्हणजे चंद्रग्रहण. सूर्यग्रहण प्रत्येक गावाला वेगळ्या क्षणी दिसतं, पण चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो सगळ्यांसाठी एकाच क्षणी. ज्यांच्या आकाशात चंद्र आहे त्यांनी आपापल्या गावच्या सूर्यावर लावलेली वेळ नोंदवायची. दोन्ही वेळांमधला फरक म्हणजे देशांतर. उज्जैनला माणूस नसेल तर उज्जैनसाठी ग्रहणाची वेळ गणिताने काढायची आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ तिच्याशी ताडून पाहायची. आपल्याकडे ग्रहण उशिराच्या वेळेला दिसलं तर आपण पूर्वेला, लवकरच्या वेळेला दिसलं तर पश्चिमेला. सूर्यसिद्धांतापासून चालत आलेली ही रीत आहे. ग्रीकांनाही ही युक्ती माहीत होती, त्यामुळे सगळं आपल्याच पूर्वजांनी शोधलं असं म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणाचं उदाहरण घ्या. चंद्र पूर्ण झाकला गेला तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर रात्रीचे ११ वाजले होते. पण ज्या-त्या गावच्या सूर्याप्रमाणे बघितलं तर तेव्हा मुंबईत १० वाजून २२ मिनिटं, गुलमंडीत १०.३२ आणि नागपुरात १०.४७ होत होते.

इंजिनिअरिंगच्या नजरेने पाहिलं तर यात चूक किती यायची? चंद्रावर सरकणाऱ्या सावलीची कड धूसर असते, तिथेच एक-दोन मिनिटं इकडेतिकडे. आणि एका मिनिटाची चूक म्हणजे नकाशावर गाव २६ किलोमीटर सरकलं! शिवाय रात्री वेळ मोजायला साधन काय, तर घटिकापात्र. तळाला भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली. घटका भरली हा शब्दप्रयोग तिथूनच आला. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात यंत्रांवर एक वेगळा अध्याय लिहिला आहे. फलकयंत्र नावाचं एक यंत्र त्यांनी स्वतः रचलं. पण सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ यंत्र म्हणून त्यांनी धीयंत्र, म्हणजे बुद्धी, हे नाव दिलं आहे. आमच्या लॅबच्या दारावर लावण्यासारखं आहे हे!

घटिकापात्राची एक प्रसिद्ध दंतकथाही आहे. मुलीच्या, म्हणजे लीलावतीच्या, लग्नाच्या मुहूर्तासाठी भास्कराचार्यांनी घटिकापात्र लावलं. ती कुतूहलाने त्यात डोकावली, तिच्या दागिन्यातला मोती भांड्यात पडून भोकात अडकला, भांडं बुडलंच नाही आणि मुहूर्त टळला. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ही गोष्ट येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात ती नाही. त्यामुळे ती खरी मानायचं कारण नाही, पण ती टिकली का ते समजतं. वेळ मोजणाऱ्याच्याच घरची वेळ चुकली, हे लोकांना पटण्यासारखं होतं.

पुढे घड्याळं आली, रेल्वे आली, तारायंत्रं आली. प्रत्येक गावाने आपला सूर्य धरून बसणं परवडेना. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच ही जगाची मध्यरेषा ठरली. १ जानेवारी १९०६ पासून भारतात ८२.५ अंशांची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने मात्र ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही! आज आपण सगळे एकाच प्रमाणवेळेवर चालतो. म्हणूनच गुलमंडीत सूर्य डोक्यावर यायला सरासरी १२ वाजून २८-२९ मिनिटं होतात, आणि आपण मात्र १२ वाजले की दुपार झाली म्हणतो.

आता माझ्या घरातलं देशांतर सांगते. दादा न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याच्या आणि आमच्या घड्याळात थंडीत साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे सरकवतात. आजीला हे अजिबात मान्य नाही. सूर्य काय सरकारचं ऐकून तास-तास इकडेतिकडे होतो का, असं तिचं म्हणणं. मी भास्कराचार्यांच्या रीतीने हिशोब केला. एडिसन पश्चिमेला ७४.४ अंशांवर, आपण पूर्वेला ७५.३४. बेरीज जवळजवळ १५० अंश. सहाने भागलं तर २५ घटका, म्हणजे १० तास. दोन्ही घड्याळं अर्धा-अर्धा तास खोटं बोलतात आणि सूर्याचा फरक बाराही महिने बरोबर त्यांच्या मधोमध आहे! दादाचं गाव रोमकाच्या पलीकडे आणि सिद्धपुराच्या अलीकडे पडतं. आजीला साडेनऊ-साडेदहा पटलं नव्हतं, २५ घटका लगेच पटल्या.

पण खरा घोळ संकष्टीचा. दादा जायच्या आधी दोघं एकत्र गच्चीवर जाऊन चंद्र बघायचे आणि मग जेवायचे. दादाने तिकडेही उपवास सोडला नाही. मात्र कधी कधी त्याची संकष्टी आजीच्या आदल्या दिवशी येते आणि आजीला वाटतं, पोरगं तिकडे जाऊन सगळं विसरलं. त्याचंही उत्तर देशांतरात आहे. चंद्रोदयाला चतुर्थी असावी लागते. समजा आपल्याकडे मंगळवारी रात्री ११ वाजता चतुर्थी लागली. तोपर्यंत आपला चंद्र उगवून गेलेला असतो, म्हणून आपली संकष्टी बुधवारी. पण तेव्हा एडिसनला मंगळवारची दुपार आहे, त्यांचा चंद्र अजून उगवायचा आहे. तो उगवेल तेव्हा चतुर्थी असेल, म्हणून त्यांची संकष्टी मंगळवारी. म्हणजे दादाला अंगारकी आणि आजीला साधी! दोघंही बरोबर. हे मी आजीला पाटावर तांदळाचे दाणे मांडून समजावलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली की म्हणजे तो माझ्याआधी जेवतो, बरं झालं, उपाशी राहत नाही.

असो. भास्कराचार्यांकडे परत येऊ. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. सिद्धांतशिरोमणीसारखं ते अवघड नाही. पंचांग करणाऱ्याला रोजच्या वापरात पटकन उत्तर मिळावं यासाठीचा तो ग्रंथ. एवढं मोठं काम केलेल्या माणसाने म्हातारपणी साध्या ज्योतिषांसाठी सोपं पुस्तक लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता पाहून देवगिरीच्या यादवांपैकी जैत्रपालाने त्याला पाटणहून आपल्या पदरी नेलं. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद! म्हणजे भास्कराचार्यांचा मुलगा आणि नातू आपल्या किल्ल्याच्या राजांच्या पदरी होते.

या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला एक मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा काही भाग संस्कृतात आहे आणि काही चक्क जुन्या मराठीत. घराण्याची सगळी वंशावळ त्यात आहे. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं ते इ.स. १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहण चालू असताना. ग्रहणात दान देणं ही तेव्हाची रीतच होती. तरी ज्या माणसाच्या गणितात दोन गावांमधलं अंतर ग्रहणावरून निघतं, त्याच्या नावाच्या मठाला ग्रहणाच्याच वेळी दान मिळावं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

पुढे यादवांचं राज्य गेलं, पाटण ओस पडलं. मठही गेला. ग्रंथ मात्र हाताने उतरवले जाऊन देशभर पसरले, त्यांच्यावर टीका लिहिल्या गेल्या, भाषांतरं झाली. आणि ज्या भागात ते जन्मले, तिथल्या माझ्यासारख्या मुलीला लाँगिट्यूड माहीत आणि देशांतर नाही. इंग्रजी शब्द शिकलो याचं मला वाईट वाटत नाही, ग्रीनिचही हवंच आहे. पण दोन्ही टोकं माहीत असली तर मधलं अंतर कळतं, हे तर खुद्द भास्कराचार्यांचंच गणित आहे.

म्हणून मित्रांनो, एक करूया. कॉलेजच्या गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करू आणि भर दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते ती वेळ मोबाइलवर नोंदवू. त्याच दिवशी नागपूरच्या एखाद्या कॉलेजातल्या मित्राला हेच करायला सांगू. त्याची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं आधीची आली पाहिजे. आणि ज्यांना भास्कराचार्यांचीच रीत हवी असेल त्यांच्यासाठी तारीख सांगून ठेवते : ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. पार्टी नंतर करा, आधी दुसऱ्या गावातला एक मित्र शोधून ठेवा. एकट्याने हे गणित सुटत नाही.

(तृतीय वर्ष, सिव्हिल)